मर्सी बेंडचा लाल नळ

मित्रांनो, मी एक जुना बंबाचा नळ आहे. ओतीव लोखंडाचा, लाल रंगाचा, तुमच्या कमरेएवढा उंच. ओहायो राज्यात टॅमरॅक नदीच्या वळणावर मर्सी बेंड नावाचे शहर आहे. तिथल्या फाउंड्री स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मी उभा असतो. कुठे आग लागली की बंबवाले धावत येतात, माझ्या तोंडावरचे झाकण काढून नळी जोडतात आणि डोक्यावरची चावी फिरवतात. मग जमिनीखालचे पाणी माझ्यातून उसळून वर येते. एवढेच माझे काम. पण त्यासाठी बाकीचे सगळे दिवस नुसते उभे राहावे लागते, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

माझ्या छातीवर उठावदार अक्षरांत ‘मर्सी बेंड’ लिहिलेले आहे. ही अक्षरे कोणा राजाची नाहीत की सेनापतीची नाहीत. इथे शहर नव्हते तेव्हा या वळणावर मर्सी ओल्डहॅम नावाची एक विधवा होडी चालवत असे. एका पावसाळी हिवाळ्यात पलीकडच्या तीरावर तापाची साथ आली. बाकीच्या नावाड्यांनी आपल्या होड्या वर ओढून उलट्या घातल्या. मर्सीबाई मात्र आजाऱ्यांना अलीकडच्या डॉक्टरकडे आणतच राहिली. लोक म्हणू लागले, मर्सीच्या वळणावर जा, तिथे कोणी नाही म्हणणार नाही. पुढे रेल्वे आली, नदीकाठी ओतकामाचे कारखाने उभे राहिले, पाण्याचे पंप आणि बंबाचे नळ देशभर जाऊ लागले. नाव मात्र तेच राहिले.

दुसरे महायुद्ध संपले त्यानंतर दोन वर्षांनी माझा जन्म झाला. काळ्या वाळूच्या साच्यात लोखंडाचा लालभडक रस ओतला, आणि मी झालो. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. नळ आतून पोकळ हवा असेल, तर साच्याच्या मध्यभागी भाजलेल्या वाळूचा एक गाभा ठेवावा लागतो. रस त्याच्या भोवती थिजतो, मग गाभा फोडून काढतात आणि तिथे पाण्याची वाट तयार होते. माझा गाभा वर्लीन हॅचरने भरला होता. ही कृष्णवर्णीय मुलगी युद्धाच्या काळात अलाबामाहून एकटी आली होती. गडीमाणसे लढायला गेली म्हणून कारखान्याने बायकांना घेतले. युद्ध संपल्यावर पुष्कळ जणींना घरी पाठवले, पण गाभे भरण्यात वर्लीनचा हात इतका सफाईदार होता, की तिला काढायला कोणी धजावले नाही.

मला दूर कुठे पाठवले नाही. कारखान्याच्या फाटकासमोरच पुरले. रोज सकाळी वर्लीन आपला जेवणाचा डबा माझ्या डोक्यावर ठेवून डोक्याला रुमाल बांधायची. तिचा मुकादम काझिमिर डुडेक हा पोलिश माणूस. मोठ्या मिशांचा, खवचट बोलणारा. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, “मर्सी म्हणजे दया. पंधरा वर्षं या फाउंड्रीत आहे, अजून गाठ पडली नाही बाईशी.”

“तुमचं तोंड पाहून मागच्या दाराने गेली असेल,” वर्लीन म्हणायची. मग दुपारी त्याच्या घरची कोबीची भरली पाने आणि तिची मक्याची भाकरी यांची अदलाबदल व्हायची.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा कारखाना पूर्वेकडच्या एका कंपनीने विकत घेतला. प्रेंटिस नावाचे नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, नीटनेटका होता, सगळ्यांना नावाने हाक मारायचा. त्यांनी पहिला हुकूम काढला तो असा, की यापुढे नळांवर शहराचे नाव नको, फक्त कंपनीचे हवे. पगार तोच राहणार होता आणि कामही तेच. त्यामुळे बऱ्याच जणांनी खांदे उडवले.

वर्लीन दोन दिवस नेहमीप्रमाणे गाभे भरत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाभा विभागातल्या सगळ्या बायका फाटकाबाहेर माझ्याभोवती जमल्या आणि आत गेल्याच नाहीत. भोंगा झाला. प्रेंटिस साहेब स्वतः बाहेर आले.

“वर्लीनबाई, नुसतं नावच तर आहे,” ते म्हणाले. “तुमचं अडतंय कुठे?”

“आज नाव काढाल, साहेब. उद्या साचे गाडीत घालून न्याल. नाव नसलेली वस्तू कुठेही बनवता येते.”

“आणि तुम्ही गाभे भरले नाहीत तर?”

“तर नळ भरीव निघतील. विका की. दाराला टेकण म्हणून छान चालतील.”

कोणीतरी फिसकन हसले. वर्लीन हसली नाही. तिच्या घरी तीन मुले होती आणि नवरा फुप्फुसाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला होता. ती माझ्यावर हात टेकून उभी होती.

डुडेक मुकादम असल्यामुळे साहेबांच्या बाजूला उभा होता. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता. चौथ्या दिवशी मात्र तो मोठे पातेले घेऊन आला, बायकांना कोबीची भरली पाने वाढली आणि तिथेच फुटपाथवर बसला. साहेबांनी विचारले तेव्हा म्हणाला, की गाभे नाहीत तर मी आत जाऊन मुकादमी कोणावर करू? त्याच्या मागोमाग ओतणारे आले, मग साचे भरणारे आले. भट्टी थंड झाली. अशी थंड भट्टी मी तोवर पाहिली नव्हती.

दोन आठवडे गेले. उत्तरेकडच्या एका शहराला हिवाळ्यापूर्वी नळ हवे होते. अखेर कंपनीने माघार घेतली. नाव परत आले, पण अक्षरे पूर्वीपेक्षा बारीक केली होती. डुडेक कुरकुरला.

“वाचता येतंय ना?” वर्लीन म्हणाली. “मग चला कामाला.”

मित्रांनो, मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. नाव राखले म्हणून कारखाना कायमचा राखता आला नाही. पुढे वीस वर्षे भट्टी पेटती राहिली. त्या वीस वर्षांत वर्लीनची मुले शिकली, एक मुलगी परिचारिका झाली. त्यानंतर मात्र मागणी आटली आणि फाटकाला साखळी लागली. आमच्या रस्त्यावरची घरे एकेक करून रिकामी झाली. माझा रंग उडाला, झाकणे गंजून घट्ट बसली. माझी चावी फिरवून बघायलाही कोणी येईना. गाड्यांचा धूर आणि कुत्र्यांचा सहवास, एवढेच माझ्या वाट्याला उरले.

एकदा नगरपालिकेत ठराव आला, की फाउंड्री स्ट्रीटचे पाणी बंद करावे आणि तिथला नळ उपटून टाकावा. वर्लीन आणि डुडेक दोघेही याच रस्त्यावर समोरासमोरच्या घरांत राहत होते, दोघेही म्हातारे झाले होते. ते सभेला गेले. परत येऊन माझ्यापाशी टेकले, तेव्हा सगळा वृत्तान्त मला ऐकायला मिळाला. सभेत विचारले होते, की या रिकाम्या रस्त्यावरचा बर्फ उपसून नळ मोकळा कोण ठेवणार? वर्लीनने उत्तर दिले होते, “आम्ही ठेवू. अजून आम्ही मेलो नाही.”

आणि त्यांनी ठेवला. तिने झाकणांना तेल घातले, मला लाल रंग दिला. बंबवाल्यांच्या ठाण्यावर खेटे घालून वर्षातून एकदा माझी चावी फिरवायला लावली. बर्फ पडला की दोघे फावडी घेऊन यायचे. डुडेकचा गुडघा वाकत नसे, तरी तो यायचा आणि उपसायचे काम कमी, सूचना जास्त करायचा.

एका जानेवारीत तीन दिवस बर्फ कोसळला. डुडेक तापाने पडला होता, म्हणून वर्लीन एकटीच आली. श्वास पुरेना तेव्हा माझ्यावर टेकायची आणि पुन्हा फावडे उचलायची. तिने मला झाकणांपर्यंत मोकळा केला, मग भोवती फिरायला जागा केली, मग रस्त्यापर्यंत वाट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी डुडेकच्या घरी रॉकेलच्या शेगडीवरून पडद्याने पेट घेतला.

वर्लीनने फोन केला. बंब आला तेव्हा धूर खिडक्यांतून बाहेर लोटत होता. शेजारच्या रस्त्यावरचा नळ बर्फाखाली कुठे होता, तेही कोणाला सापडेना. पण माझे झाकण एका झटक्यात निघाले. चावी फिरली. मित्रांनो, तळातून पाणी वर चढले तेव्हा माझे सारे अंग कडकडले. मी फुटतो की काय असे वाटले. फुटलो नाही.

स्वयंपाकघर जळाले, छप्पर अर्धे गेले. डुडेकला दोघा बंबवाल्यांनी उचलून बाहेर आणले, तो खोकत होता, जिवंत होता. वर्लीनने त्याला आपले घोंगडे पांघरले. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “गाभा चांगला भरला होतास गं.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली आणि रडू लागली.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखे कोणीतरी उभे असेल. एखादा नळ, एखादा हातपंप, एखादी विहीर. ते रोज उपयोगी पडणार नाही. तरी त्याच्यासमोर गाडी लावू नका, त्याच्यावर कचरा टाकू नका. वर्षातून एकदा तरी त्याला तेल द्या, त्याची चौकशी करा. आणि ते उपटायला कोणी आले तर आधी विचारा, इथे कोण राहते?

वर्लीन आता काठी घेऊन येते. डुडेकने घराला नवे छप्पर घातले आहे. परवा बंबवाले आले, त्यांनी माझे झाकण काढले आणि चावी फिरवून पाहिली.

पाणी आले.