पुलाआधी संपलेली बॅटरी

मी एक जुना, पाठीला आरपार भोक पडलेला फौजी वायरलेस आहे. हसू नका, मित्रांनो. आचऱ्यात शेवंतीकाकीच्या ओटीवर, भाताच्या कणगीशेजारी एक फळी आहे, तिथे माझा मुक्काम असतो. कोंबड्या माझ्या डोक्यावर चढतात. पावसाळ्यात मुंग्या माझ्या पोटात बिऱ्हाड करतात. येणारेजाणारे विचारतात, "ह्यो रेडियो गाणी लावता काय गो?" तेव्हा मला असा राग येतो म्हणून सांगू! गाणी लावणारा तो निराळा. मी माणसांचे जीव वाचवायला जन्मलो होतो. ते माझ्या हातून झालं नाही. का झालं नाही, हे या गावात एकट्या काकीला ठाऊक आहे, आणि काकी बोलत नाही. म्हणून मीच बोलतो.

आधी माझ्या घराण्याविषयी. माझा आजा म्हणजे एक धूडच होतं. त्याला वाहायला खेचरं लागत, आणि एवढं करून त्याला माणसाची भाषा कळत नसे. बोटानं कट्ट-कड करत बसावं लागे. बापाला बोलता येऊ लागलं, पण तो जीपमधून खाली उतरायला तयार नसे. मग पन्नास सालानंतर माझी पिढी आली. परदेशी नमुना पुढ्यात ठेवून कारागिरांनी आमच्या तारा जोडल्या, काचेचे, दिव्यांसारखे पेटणारे व्हॉल्व्ह बसवले आणि एका माणसाच्या पाठीवर मावेल असा हिरवा डबा तयार केला. निम्मं वजन बॅटरीचंच. माझं एक बटण होतं. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. ऐकायला वीज थोडी लागे, बोलायला मात्र भरमसाट. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला पहिल्यांदा पाठीवर घेतलं ते गंगारामनं, शेवंतीकाकीच्या एकुलत्या एका मुलानं. आचऱ्याचा पोरगा, समुद्रावर वाढलेला, आवाज असा खणखणीत की माझी गरजच काय असं वाटावं! तो मला पुसायचा, माझ्या एरियलच्या सांध्यांना तेल द्यायचा आणि कुणी मला आपटलं तर त्याच्या अंगावर धावून जायचा. "माझो सेट आसा तो, तुझ्या बापाशीचो नाय," असं एका हवालदाराला त्यानं तोंडावर सुनावलं होतं. शिक्षा झाली ती हसत भोगली. तसा धनी पुन्हा मिळाला नाही.

त्याचा दोस्त भिकाजी हा वैभववाडीकडचा, घाटाखालचा. तोही वायरलेसवालाच. एक सेट याच्या पाठीवर, दुसरा त्याच्यापुढे. रोज सकाळी आवाज नीट पोचतो का हे बघायचं असे, तेव्हा हे दोघे हळूच गाऱ्हाणं घालायचे. भिकाजी तिकडून म्हणायचा, "बा देवा म्हाराजा, ह्या बॅटरेक बळ दी रे म्हाराजा!" आणि गंगाराम इकडून बटण दाबून म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" मग दोघे खो खो हसायचे. पलटणीच्या साहेबांना मराठीचा गंध नव्हता, पण हसणं कळायचं. बडबडीत बॅटरी जाते म्हणून त्यांनी दोघांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

गाऱ्हाणं तुम्हाला ठाऊकच आहे. एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं आणि टप्प्याटप्प्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. साथ नसली तर गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही असं इथली माणसं मानतात. आणि एकदा सुरू केलं की ते पुरं करायचं, मध्येच तोडायचं नाही. मला हे फार पटायचं. आम्हा वायरलेसच्या जातीचंही असंच आहे. हाक मारली आणि उलट ओ आली नाही, तर ती मारली काय न मारली काय, सारखंच.

बासष्ट सालचा पाऊस सरला आणि आमची पलटण उत्तरेच्या बर्फाळ सरहद्दीवर गेली. भिकाजी खाली, साहेबांच्या तंबूत. गंगाराम आणि मी वर, नदीपलीकडच्या डोंगरावर, थोड्या जवानांबरोबर. मधल्या खोल घळीवर एक झुलता पूल होता, जाण्यायेण्याची वाट तीच. दुसरी एक पायवाट होती, बरीच वरून वळसा घेऊन येणारी, पण तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

तिथे माझ्यासाठी बॅटऱ्यांची नवी पेटी आली. नवी कसली! वरचा कागद तेवढा कोरा, आतला माल जुना, अर्धा मेलेला. कुठल्या तरी गोदामात कुणी तरी न तपासता 'ठीक आहे' म्हटलं होतं. ते कोण, मला माहीत नाही. माहीत असतं तर आज नाव घेऊन बोललो असतो, भीडभाड ठेवली नसती. एकेक करत बाकीच्या मेल्या, शेवटची एक उरली. त्या थंडीत गंगाराम ती बॅटरी स्वतःच्या सदऱ्यात, पोटाशी धरून निजायचा. ऊब मिळाली की ती थोडा वेळ तग धरायची. स्वतः कुडकुडायचा आणि तिला ऊब द्यायचा, असला वेडा होता तो.

मग लढाई पेटली. शेजारच्या डोंगरावरचं ठाणं पडलं, आणि तिथला सेट शत्रूच्या हाती लागला. आमच्या लहरीवर परके आवाज येऊ लागले. तेव्हा साहेबांनी सक्त हुकूम काढला की, दिवसाचा खुणेचा शब्द सांगितल्याशिवाय वायरलेसवर कुणाला काहीही कळवायचं नाही. तो शब्द घेऊन रोज एक माणूस पूल ओलांडून वर येत असे. त्या दिवशी तो आलाच नाही. पुढे कळलं की शत्रूनं पुलावर नेम धरून मशीनगन लावल्या होत्या, आणि तो बिचारा पहिला बळी होता. पण वर आम्हाला यातलं काय ठाऊक?

दुपारी भिकाजीची हाक आली. त्याला फार मोठा निरोप द्यायचा होता. ठाणं सोडा, खाली या, पण पूल टाळा, वरच्या पायवाटेनं या. वरच्या सगळ्यांचे जीव त्या निरोपावर होते. त्यानं आधी खुणेचा शब्द विचारला.

गंगाराम म्हणाला, "भिक्या, शब्द नाय रे माझ्याकडे. माणूस पोचूकच नाय."

तिकडे तंबूत काय झालं ते भिकाजीनं पुढे सांगितलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. शत्रू कुणाच्याही नावानं बोलू शकतो, निरोप देता येणार नाही. भिकाजी हातापाया पडला. शेवटी त्याला तोड सुचली. म्हणाला, साहेब, मी आमच्या गावाकडचं एक म्हणतो, त्याची साथ कधी कशी द्यायची हे आमच्याच माणसाला कळेल. साहेब म्हणाले, ठीक, एकदा उत्तर येऊ दे.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा! आज तुझी लेकरा डोंगरार अडाकली आसत रे म्हाराजा!"

गंगारामच्या अंगावर काटा आला, तो मला पाठीवर जाणवला. त्यानं बटण दाबलं. "व्हय म्हाराजा!"

बस्स. एवढं पुरे होतं. साहेबांची खात्री पटली, त्यांनी खूण केली, दे निरोप. पण मित्रांनो, सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धं कसं टाकायचं? तेही अशा वेळी, आपल्या माणसांचा जीव टांगणीला लागलेला असताना? ते तोडायला भिकाजीची जीभ धजली नाही. साहेब ओरडत राहिले आणि तो पुढे म्हणत राहिला.

"तेंच्या वाटेर जा काय वायट-वंगाळ आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्यांका सुखरूप आपापल्या घराक पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रत्येक साथीला बटण दाबलं जात होतं, आणि माझे व्हॉल्व्ह मंद होत चालले होते. मला ओरडून सांगायचं होतं, अरे बाबांनो, थांबा! पण मला माझा स्वतःचा आवाज कुठे आहे? मी दुसऱ्यांचेच आवाज वाहणार. गाऱ्हाणं पुरं झालं. भिकाजी निरोप देऊ लागला, "ठाणं सोडा. ताबडतोब खाली या." एवढं मी गंगारामच्या कानात घातलं आणि विझलो. पुलाचं नाव निघायचं होतं अजून.

गंगारामनं बॅटरी काढून छातीशी चोळली, फुंकर घातली, पुन्हा जोडली. काही उपयोग झाला नाही. हुकूम तर मिळाला होता. सगळे निघाले, नेहमीच्या वाटेनं, पुलावर.

पुलाच्या मध्यावर गेलो तेव्हा धुकं फाटलं. पुढचं सगळं सांगत नाही. गोळी माझ्या पाठीतून शिरली, माझ्यातून बाहेर पडली आणि गंगाराममध्ये गेली. त्याचं रक्त माझ्या आत आलं, माझ्या तारांवर, गरम. तो "आये" म्हणाला. तेवढंच. मी बंद होतो, पण ते मी ऐकलं. थोडेच जण पार पोचले. सेट टाकून येणं हा गुन्हा, म्हणून त्यातल्या एकानं मला पट्ट्याला धरून ओढत नेलं. गंगाराम मात्र घळीत राहिला.

पुढे माझी रवानगी डेपोत झाली. तोवर नव्या जमान्याचे ट्रान्झिस्टरवाले सेट येऊ लागले होते, हलके, थोड्या विजेवर दिवसेंदिवस चालणारे. मला त्यांचा हेवा वाटला नाही, रडू आलं. हे थोडे आधी आले असते तर! मला भंगारात काढलं. भिकाजीला माझा नंबर पाठ होता. फौज सोडताना त्यानं भंगारवाल्याला गाठून मला सोडवलं आणि मुंबईहून बोटीनं मालवणला आणलं. तिथून आचरा.

इथे आल्यावर कळलं की गंगारामला गावानं दुसऱ्यांदा मारलं होतं. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणाच्या त्या बाजूला राहणाऱ्या नर्मदाकाकीचा मुलगा परशुरामही त्याच पुलावर मारला गेला होता. पलटणीतला कुणी तरी सुट्टीवर आला होता, त्यानं अर्धवट ऐकलेलं सांगून टाकलं, की पूल टाळायचा हुकूम होता, वायरलेसवाल्यानं तो नीट ऐकला नाही. झालं! 'गंगारामान आमची पोरा मारल्यान.' शेवंतीकाकी रोज तिन्हीसांजेला तुळशीपाशी गाऱ्हाणं घालायची, आणि वर्षानुवर्षं गडग्यापलीकडून नर्मदा "व्हय म्हाराजा" म्हणायची. ती साथ बंद झाली. वाटेवर दिसली तर नर्मदा तोंड फिरवायची.

भिकाजीनं काकीपुढे मला ठेवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. म्हणाला, "आये, तेची काय एक चूक नाय. बॅटरी माझ्या गाऱ्हाण्यान खाल्ल्यान. एका साथीवर थांबाक व्हया होता माका."

काकी कितीतरी वेळ माझ्या भोकावरून बोट फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "पुरा केलंस मा रे गाऱ्हाणा?"

"व्हय गो आये."

"माझ्या झिलान साथ दिली?"

"शेवटपर्यंत."

काकीनं डोळ्यांना पदर लावला आणि ती ढसाढसा रडली. भिकाजी उठला, म्हणाला, "आत्ताच देवळात जातंय. सगळ्यांसमोर सांगतंय. नर्मदाकाकीच्या पाया पडतंय."

"बस खाली," काकी एकदम कडाडली. "तुका पोरा-बाळा आसत. नर्मदेन तळतळाट दिलो तर खंय जाशीत? एक झील गेलो माझो, आता दुसऱ्याच्या मानेर कित्या घालू? माका कळला, माका पुरे."

"पण गंगारामाचा नाव..."

"तेचा नाव माझ्याकडे बरा आसा."

भिकाजी गेला. काकीनं ते कुणालाही सांगितलं नाही. तिचा निर्णय बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. मी डबा आहे. पण माझा जीव तुटतो एवढं खरं.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुणी गोदामात बसाल, कुणी कारखान्यात. तुमच्या हातून दूर कुणाकडे काही जाणार असेल तर उघडून, जोडून, तपासून पाठवा. दोष गाऱ्हाण्याचा नव्हता. बॅटरी धड असती तर दहा गाऱ्हाणी झाली असती आणि पुलाचा निरोपही गेला असता.

आणि एक मागणं आहे. आजही तिन्हीसांजेला काकी तुळशीपाशी उभी राहते. भिकाजीच्या लेकरांसाठी मागते. नर्मदेसाठीसुद्धा मागते, तिचं मन शांत कर म्हणते. प्रत्येक टप्प्याला थांबते, वाट बघते. गडग्यापलीकडे नर्मदेची बांगडी वाजते, म्हणजे ती ऐकत असते. पण साथ येत नाही, आणि काकी तशीच पुढे सुरू करते, अर्धं टाकत नाही. तुम्ही खेळून घरी परतता ते याच वाटेनं. आता तुम्हाला सगळं माहीत आहे. जाताजाता, काकी थांबली की, तेवढं "व्हय म्हाराजा" एकदा मोठ्यानं म्हणा, नर्मदेलाही ऐकू जाईल असं. माझं बटण सुटलेलं आहे. मी ऐकतो आहे.