ताईबाईंचा शेवटचा अंगठा

मी एक संमतीपत्र बोलतोय. बारामतीच्या छापखान्यात माझा जन्म झाला, शंभर भावंडांच्या पॅडमध्ये. अंगावर बारीक इंग्रजी मजकूर आणि खाली सहीची रेघ. पेशंट ऑपरेशनला राजी आहे, एवढंच आमचं सांगणं. इंग्रजी असल्यामुळे मी जरा ताठ्यातच असायचो.

इंदापूरच्या एका दवाखान्यात आमचं पॅड आलं. १९९४ साली निमगाव केतकीच्या ताईबाई लोंढे पोटदुखीसाठी तिथे दाखल झाल्या. अपेंडिक्स काढायचं ठरलं, त्या तोंडी हो म्हणाल्या. डॉक्टरांनी मात्र भुलीत असताना त्यांची गर्भपिशवीही काढून टाकली. कुणाला विचारलं नाही. मग मला पॅडवरून फाडलं.

"सर, सही?" कंपाउंडर मानसिंगने विचारलं.

"तुझाच अंगठा लाव. या बायकांना कुठं सही येते?"

थंडगार शाई अंगाला लागली आणि मी खोटा झालो.

ताईबाई बत्तीस वर्षांच्या. लेक ज्योत्स्नाच्या पाठीवर दुसरं लेकरू व्हावं म्हणून वाट बघत होत्या. वर्षभराने बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून खरं काय ते सांगितलं. ताईबाई खचल्या, पण गप्प बसल्या नाहीत. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या मुंबईच्या परिषदेकडे त्यांनी तक्रार धाडली.

शहाण्णव साली चौकशी झाली. पाच नामांकित डॉक्टरांपुढे मला टेबलावर ठेवलं, मी आरोपी डॉक्टरांचा पुरावा. अध्यक्षांनी विचारलं, "हा अंगठा तुमचा?"

"न्हाय साहेब. ब्याण्णवला मी साक्षरतेच्या वर्गात सही शिकले. शेवटच्या दिशी आमी समद्या बायांनी शपथ घेतली, पुन्यांदा अंगठा लावायचा न्हाय."

"पण जुळवून बघायला तुमचा ठसा द्यावा लागेल."

शाईचं पॅड पुढे आलं. ताईबाईंचा हात मागे गेला. त्यांनी ठसा दिला नसता, तर मी खरा ठरलो असतो.

"शपथ मोडतीय मी," त्या म्हणाल्या. "पर ह्यो खोटा तसाच ऱ्हायला, तर माझ्यामागनं येनाऱ्या बायांचं बी असंच व्हईल."

त्यांनी कोऱ्या कागदावर अंगठा टेकवला. ऊस तोडताना लागलेल्या कोयत्याचा जुना व्रण ठशात पांढरा, आडवा उमटला. माझ्यावर तो नव्हता. साक्षीला आलेल्या मानसिंगला मग राहवेना, त्याने सगळं कबूल केलं.

ताईबाईंनी पेन मागितलं. ठशाखाली एकेक अक्षर लावत नाव लिहिलं. पाचही मोठी माणसं ते पुरं होईपर्यंत थांबली. इतकं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि मी त्यांच्याविरुद्ध उभा होतो.

इंदापूरच्या डॉक्टरांचं नाव पाच वर्षांसाठी नोंदणीतून काढलं. ताईबाईंचं गेलेलं काही परत आलं नाही.

आता आम्ही दोन कागद एकाच फाईलमध्ये आहोत. त्यांच्या कागदाशेजारी माझा इंग्रजीचा ताठा उरत नाही. तुमच्यापुढे माझ्यासारखा कागद आला, तर आधी मराठीत वाचून दाखवा म्हणा. डॉक्टर चिडले तरी चालेल. आणि मला फाडू नका. लाल शाईत माझ्यावर "खोटे" असा शेरा आहे. माझ्या अंगावर खरं असं तेवढंच लिहिलेलं आहे.