राहणार डोहवाडी

शिरूरच्या मिशनच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवल्यावर नथानिएल मास्तरांची अशी खात्री झाली होती, की जगातला कुठलाही प्रश्न त्रैराशिक मांडून सुटतो. भाजी महाग झाली, मांडा. पाऊस लांबला, मांडा. त्यामुळे थोरल्या लेकीच्या लग्नाची बोलणी चालू असताना मास्तर पाटी-पेन्सिल घेऊन बसले, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

मुलगा चांगला होता. विल्यम त्याचं नाव, डोहवाडीच्या शाळेत शिक्षक, तीन वर्षांपूर्वी बदली होऊन तिथं गेलेला. मार्थाला तो पसंत होता आणि तिनं तसं न लाजता सांगितलं होतं. मास्तरांच्या आईला, कृपाबाईंना, तो जरा जास्तच पसंत होता, कारण त्यानं त्यांच्या हातच्या पाच पुरणपोळ्या खाऊन सहावी मागितली होती. अडचण एकच, गाव. डोहवाडी म्हणजे मांडवगण फराट्याच्या खालच्या अंगाला, भीमेच्या ऐन वळणावर बसलेली वस्ती. नावातच डोह.

आणि भीमेशी मास्तरांचं वैर होतं. एकोणपन्नासच्या भाद्रपदात त्यांचा धाकटा भाऊ इसहाक शुभवर्तमानाची पुस्तकं विकायला केडगावकडे निघाला, पारगावच्या उताराला नावेत बसला आणि नाव उलटली. बाकीचे काठाला लागले, इसहाक लागला नाही. मास्तरांनी चार दिवस काठ धुंडाळला. पुढं ओढे चढले आणि वाट बंद झाली. मग खालच्या एखाद्या गावात बेवारस प्रेत सापडल्याची खबर येईल म्हणून त्यांनी वर्षभर कचेरीत खेटे घातले. तशी खबर कधी आलीच नाही. कृपाबाईंनी या नऊ वर्षांत लेकासाठी दफनाची प्रार्थना होऊ दिली नव्हती. माती पडल्याशिवाय कसली प्रार्थना, असं म्हणायच्या, आणि रात्री दाराला कडी लावू द्यायच्या नाहीत.

अशा घरात साखरपुड्याच्या तोंडावर एक जाडजूड पुस्तक आलं. दवाखान्यातले गोरे डॉक्टर मायदेशी परतताना आपली पुस्तकं वाटून गेले, त्यात मास्तरांच्या वाट्याला देशोदेशींच्या मृत्यूंचे तक्ते आले. दुसरा कुणी असता तर त्यानं ते रद्दीत घातलं असतं. मास्तरांनी 'बुडून' हा रकाना काढला आणि जेवण विसरले. इंग्लंडात वर्षाला लाखात तिघे-चौघे बुडतात. जपानात आठ-नऊ, कारण चहूकडं समुद्र. फिनलंडात तळी फार, तिथंही जवळपास तेवढेच. मग डोहवाडीत किती? कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाकडून त्यांनी दहा वर्षांचा आकडा आणला. लोकसंख्या सोळाशे, बुडून मेलेले सतरा.

मास्तरांनी त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं लाखाला एकशे सहा.

त्यांनी ते तीनदा पुसून तीनदा मांडलं. एकशे सहाच. म्हणजे भर समुद्रातल्या जपानच्या बारापट माणसं या एवढ्याशा गावात नदी गिळत होती. एक भाऊ त्या नदीनं नेला, आता लेक आपल्या हातानं नेऊन द्यायची? त्यांनी जाहीर केलं, हे लग्न होणार नाही.

कृपाबाईंनी पदर तोंडाला लावला. मार्था मात्र पाटीकडे बघत राहिली. बापाचंच डोकं घेतलेली मुलगी ती.

"पपा, वर्गात तुम्हीच सांगता ना, ताळा केल्याशिवाय उत्तर लिहू नका म्हणून?" ती म्हणाली. "मग या उत्तराचा ताळा कुठं केलात?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रजा टाकली. न्हावऱ्यापर्यंत एस.टी. आणि पुढं बैलगाडी, असं करत दुपारी ते डोहवाडीला पोचले. नकार द्यायचाच होता, पण तो आकड्यानिशी द्यावा, म्हणून ते विल्यमकडं न जाता थेट पोलीस पाटलांच्या ओट्यावर गेले.

पाटील आनंदराव म्हणजे साठीचा, दांडग्या मिशांचा गडी. त्यांनी आधी चहा पाजला, मग काम विचारलं. मास्तरांनी काही न लपवता सगळं सांगितलं: तक्ते, जपान, एकशे सहा. आनंदराव ऐकत गेले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. ते उठले, फडताळातून मयतांचं रजिस्टर काढलं आणि मास्तरांपुढं ठेवलं.

"मास्तर, सतरा खरं हायेत," ते म्हणाले. "पर त्यातलं आमचं एकबी न्हाई."

मास्तरांना आधी कळलंच नाही. रकान्यात तर दर नोंदीपुढं स्वच्छ लिहिलं होतं, राहणार डोहवाडी. मग पाटलांनी जे सांगितलं ते असं. इथं नदी वळते, त्यामुळे वर कुठंही कुणी बुडालं तरी पाणी त्याला याच काठाला आणून सोडतं. ओळख पटली तर पंचनामा होऊन नातेवाईक घेऊन जातात, नोंद त्यांच्या गावाला. ओळख पटली नाही तर माणूस डोहवाडीचा. आनंदरावांच्या वडिलांनीच हा पायंडा पाडला होता. बेवारस हा शब्द या वहीत लिहायचा नाही, असं त्यांनी मरताना बजावलं होतं. नदीनं आपल्या दारात आणून घातलं, म्हणजे ते आपलं. जात ठाऊक नाही, तेव्हा जाळायचं की पुरायचं हा घोळ नको, म्हणून सगळ्यांना मातीच द्यायची. आणि दर सर्वपित्रीला आनंदरावांची बायको साखरबाई घरच्या पितरांसोबत त्यांचीही पानं वाढायची.

"आन् गावचं कोण बुडंल कसं?" आत चुलीपाशी बसलेल्या साखरबाई म्हणाल्या. "पाच वर्साचं झालं की पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधून पवाय शिकाया हिरीत सोडत्यात. नवी सून आली तरी तिलाबी सोडत्यात. मलाबी सोडलं व्हतं."

म्हणजे डोहवाडीचा खरा आकडा शून्य होता. मास्तरांच्या छातीवरचा धोंडा असा उतरला, की त्यांना क्षणभर हसूच फुटलं. नाही तो तक्ता डोक्यात घेऊन आपण लेकीचं लग्न मोडायला निघालो होतो, या विचारानं त्यांना लाजही वाटली. इंग्लंड-जपानच्या आकड्यांमागंही कुणी तरी वही लिहिणारा असेलच, आणि त्याचीही काही रीत असेल. ती न विचारता आपण देशाशी देश ताडत बसलो. आधी ताळा, मग उत्तर, ही पोरांना शंभरदा सांगितलेली गोष्ट आपल्यालाच कळली नव्हती.

बोलता बोलता ते पानं चाळत होते. एकोणपन्नास सालाचं पान आलं आणि त्यांचा हात थांबला.

भाद्रपद वद्य षष्ठी. अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचवीस. चेहरा ओळखण्याजोगा नाही. सदऱ्याला हाडाची बटणं, त्यातलं वरचं निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. डाव्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं जुळलेली. राहणार डोहवाडी.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी डाव्या पायातली वहाण काढली आणि पाय पुढं केला. अंगठ्याशेजारची दोन बोटं जुळलेली होती. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ती तशीच होती, मार्थाचीही. आणि ते बटण इसहाक निघाला त्या सकाळी कृपाबाईंनी घाईघाईत शिवलं होतं, पांढरा दोरा सापडला नाही म्हणून निळ्यानं.

आनंदराव पायाकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर, म्हंजी तुमी कचेरीत बेवारस हुडकत व्हता," ते हळू म्हणाले, "आन् आमी त्याला वारस देऊन बसलो व्हतो. आमच्या चांगुलपणानं तुमची नऊ वर्सं खाल्ली."

मास्तर रडले. ओट्यावर, परक्या माणसांपुढं, उघडपणे रडले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना रडून बरं वाटलं. पाटलांनी त्यांना नदीकडच्या उंचवट्यावर नेलं. निंबाखाली दगडांच्या ओळी होत्या, प्रत्येक ओळ झाडून स्वच्छ. सहावा दगड इसहाकचा. मास्तरांनी गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हटली. आनंदराव पागोटं हातात घेऊन उभे राहिले.

ओट्यावर परतल्यावर पाटलांनी दौत-टाक काढला. चूक दुरुस्त करायला हवी, शिरूर लिहितो, म्हणाले. वीस वर्षं लाल पेन्सिलीनं पोरांच्या चुका खोडणारे मास्तर त्या रकान्याकडं बघत बसले. मग त्यांनी 'अनोळखी पुरुष' एवढंच खोडून तिथं इसहाक लिहायला सांगितलं.

"गाव राहू द्या," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून आमच्या घरची दोन माणसं राहणार डोहवाडी."

घरी येऊन त्यांनी आईला सगळं सांगितलं. कृपाबाईंनी एकच विचारलं, माती कुणी दिली. पाटलांनी दिली, आणि त्यांच्या घरात दरवर्षी त्याचं पान वाढतात, हे मास्तरांनी सांगितलं. ती पितरांची रीत त्यांच्या धर्मात बसणारी नव्हती, पण त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

"म्हंजी माझं पोरगं इतकी वर्सं माणसांत हुतं," त्या म्हणाल्या.

मग डोळे पुसून त्यांनी हुकूम सोडला, की पाळक साहेबांना घेऊन रविवारी डोहवाडीला प्रार्थना आणि तिथंच मार्थाचा साखरपुडा. वर विचारलं, सत्तरीच्या म्हातारीला पेलेल एवढा भोपळा तिथं मिळतो का. मार्था खळखळून हसली. झोपायच्या वेळी कृपाबाई स्वतः उठल्या, दाराशी गेल्या आणि त्यांनी कडी लावली.