चेहऱ्यावर काढलेला फुगा

मी पेन बोलतोय. बारीक टोकाचा, काळ्या शाईचा. चित्रकादंबरीतल्या माणसांच्या तोंडचे संवादांचे फुगे भरणं हे माझं काम, आणि खरं सांगू, मला आता त्या कामाची किळस येते.

घरात दोघं. बायको चित्रं काढायची, नवरा त्यांत संवाद लिहायचा. मी पडलो नवऱ्याच्या हाती. या गृहस्थाला गप्प चित्र म्हणून सहन व्हायचं नाही. कुणी रडताना दिसलं की हा लिहिणार, 'मला खूप दुःख होतंय!' अहो, दिसतंय ना ते! लिहिताना मलाच लाज वाटायची.

एकदा तिनं एक पान शब्दांशिवाय काढलं. ओट्यापाशी उभी असलेली बाई दोन कप काढते, पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघते, एक कप परत ठेवून देते. शेवटच्या चौकटीत नुसता तिचा चेहरा. ओटा याच घरातला होता, कपसुद्धा. फोनवर ती ताईला म्हणाली, "बोलून बोलून थकले गं. आता काढून दाखवतेय. त्याला कळलं तर राहीन, नाहीतर तुझ्याकडे येते."

पान त्याच्यापुढे ठेवून ती समोरच बसली.

"झकास," तो म्हणाला, "पण रिकामं रिकामं वाटतंय."

"असू दे ना रिकामं."

"अगं, वाचकाला घास भरवावा लागतो."

त्यानं मला उचललं. वाक्य सुचलं ते मारुतीच्या शेपटासारखं, फुग्याला जागा पुरेना. मग या शहाण्यानं काय करावं? शेवटच्या चौकटीतल्या चेहऱ्यावरच पांढरा रंग फासला आणि वर माझ्याकडून लिहून घेतलं, 'तू हल्ली माझ्याकडे मुळी बघतच नाहीस, याचं मला फार फार वाईट वाटतं!' मी शाई अडवून पाहिली. त्यानं मला झटकलं आणि वाक्य पुरं केलं. शी!

ती उठली. कुंचले धुतले, पुसले, बॅगेत भरले आणि गेली.

आधी तो रुसला, मग चिडला. मग एका दुपारी ते पान घेऊन बसला आणि ब्लेडनं फुगा खरवडू लागला. रंगाबरोबर कागदही निघाला, चौकटीला भोक पडलं. तेव्हा कुठे त्यानं तिला फोन लावला.

"त्या शेवटच्या चित्रात तुझा चेहरा कसा होता गं?"

"तू पाहिला नव्हतास?"

 फोन कानाशी धरून त्यानं चौकटीतल्या भोकावर बोट ठेवलं.

मी टेबलावर उघडाच पडलोय. शाई सुकत चाललीय, सुकू दे. तुमच्या हाती माझ्यासारखा कुणी आला, तर एवढं करा. आधी समोरच्याचं तोंड नीट बघा. मग हवं तर मला उचला.