बळीची फांदी

चष्मेवाल्यांनी सत्तावीस वर्षं गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत एकच प्रश्न विचारला होता, "हे बरं दिसतंय की हे?" स्वतःला काही ठरवायची वेळ आली की मात्र त्यांचं घोडं अडायचं. निदान घरात सगळ्यांचा तसा समज होता, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा गॅलरीत एका उथळ कुंडीत उभा होता.

तो पुरावा म्हणजे एल्म नावाच्या विदेशी झाडाचं बोन्साय. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी काडीएवढं आणलेलं, आता मनगटाहून जाड झालेलं. त्याची साल बाटलीच्या बुचासारखी, फुगीर, खोल भेगाळलेली. ती साल हेच त्या झाडाचं वैभव आणि तीच त्याची नाजूक जागा. नुसता बोटाचा धक्का लागला तरी खपली उडते, आणि ती जागा भरून यायला चार-पाच वर्षं जातात. एकदा पुतणीने कौतुकाने खोडावरून हात फिरवला होता, तर चष्मेवाले दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नव्हते. पुतणी अजूनही त्या कुंडीजवळून हात पाठीमागे बांधून जाते.

खोड जाड करायचं तर खालची एक फांदी मोकाट सोडावी लागते. ती वाढते तसं तिच्याखालचं खोड भरत जातं, आणि काम झालं की तिला कापून टाकायचं. चष्मेवाले तिला बळीची फांदी म्हणायचे. या फांदीचं काम पाच वर्षांपूर्वीच झालं होतं. तरी दर वर्षी थंडी सरताना ते बायकोचा कापडावर खुणा करायचा खडू घेत, फांदीच्या बुडाशी रेघ मारत आणि म्हणत, "यंदा राहू दे. अजून जरा भरू दे." बायको शिवणकाम करणारी. तिच्या टेबलावर खडूची रेघ पडली की पुढच्या मिनिटाला कात्री चालते, त्यामुळे तिला हे बघवत नसे. त्यातून ती फांदी कठड्याबाहेर दोन हात लांब गेली होती आणि वाळत घातलेल्या चादरी फाडत होती.

त्या वर्षी नर्सरीवाल्या बाई झाड बघायला आल्या आणि त्यांनी भीडभाड ठेवली नाही. फांदी आणखी वर्षभर राहिली तर तिथे खोडाला आवाळूसारखा फुगवटा येईल आणि जखम कधीच बुजणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कळ्या फुगायला लागल्या होत्या. पालवी फुटायच्या आत कापायला हवं होतं, म्हणजे हातात आठ दिवस होते.

त्यातले सहा दिवस चष्मेवाल्यांनी चालढकल करण्यात घालवले. करवत पुसून ठेवली, मग परत पुसली. खरं सांगायचं तर आता ठरवण्याचा प्रश्नच उरला नव्हता. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. दुकानात चष्म्याच्या काडीचे बारीक स्क्रू ते मदतनीस मुलीकडे सरकवत, म्हणत डोळे थकलेत. चष्मेवालाच असं म्हणतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? पण करवत एकदा घसरली की सालीची आख्खी बाजू उतरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.  आणि बायकोला ही थरथर कळू द्यायची नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी बायको शिवणाचं सामान घेऊन गॅलरीत आली. काही न विचारता तिने खोडाभोवती रजईतला कापूस अलगद ठेवला, वरून मऊ अस्तर गुंडाळलं आणि कच्चे टाके घातले. टाके अस्तराला, सालीला सुई कुठेच नाही. फक्त खडूच्या रेघेपुरती जागा उघडी ठेवली.

"मी करतो की," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्ही बघा. कापते मी."

"अगं, पण..."

"हात थरथरतो तुमचा," ती म्हणाली. "चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलात तेव्हापासून माहीत आहे मला. म्हटलं, आज सांगाल, उद्या सांगाल."

चष्मेवाले खाली स्टुलावर बसले. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेलं गुपित बायकोने अस्तर शिवता शिवता उसवून ठेवलं होतं. त्यांना राग यायला हवा होता. तो आला नाही.

तिने आधी फांदी टोकाकडून तुकड्यातुकड्यांनी कमी केली, म्हणजे शेवटी वजनाने साल ओढली जाऊ नये. कापड बेततानाही ती आधी मोठं कापते आणि मग बारीक. हातभर खुंट उरला तेव्हा तिने करवत रेघेवर टेकवली, मग केसभर वर नेली.

"हे बरं दिसतंय की हे?" तिने विचारलं.

चष्मेवाल्यांना हसू आलं. "आधीचं," ते म्हणाले, आणि तेही लगेच.

करवत चालली. खुंट तिच्या हातात आला. मग टाके उसवून कापूस काढायची पाळी आली, तेव्हा मात्र चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. कापसाबरोबर काहीतरी तपकिरी निघालं म्हणून बायकोही क्षणभर थबकली. निघालं ते वाळकं पान. भेगा, कंगोरे, सगळी साल जागच्या जागी होती. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. जखमेवर मलम त्यांनी स्वतः लावलं, थरथरत्या बोटाने. मलमाला काय, थोडं इकडेतिकडे चालतं.

तीन आठवड्यांनी त्या जागेभोवती हिरव्या कळ्या फुटल्या आणि जखमेच्या कडेने नव्या सालीचा बारीक गोट उमटला. मधल्या काळात दोघं डॉक्टरांकडेही जाऊन आले होते. गोळ्या सुरू झाल्या होत्या. नर्सरीवाल्या बाई पुन्हा आल्या, वाकून वाकून बघितलं आणि कापणाऱ्याचा हात चांगला आहे म्हणाल्या.

"हात हिचा," चष्मेवाले म्हणाले. "माझा थरथरतो."

बायकोने चहा आणला. त्यांनी एका हाताने कप उचलला. बशी खडखडली, थोडा चहा सांडला, आणि त्यांनी दुसरा हात मांडीवरच राहू दिला.