तेवीस पुस्तकं, एक ढोलवाला

पडदे शिवायच्या त्या दुकानात दहा फूट लांबीचं एक टेबल होतं. सोमवार ते शनिवार त्यावर थोरलीची कात्री चालायची आणि रविवारी दुपारी त्याच टेबलावर लढाई व्हायची. लढाई म्हणजे रक्ताची नव्हे. बोटाच्या पेराएवढे कथलाचे शिपाई, हिरव्या कापडाचं मैदान, कापूस भरून शिवलेल्या टेकड्या आणि खुळखुळणारे फासे. कोण किती इंच सरकला, कुणाच्या गोळीने कोण पडला, हे सगळं नियमांच्या पुस्तकातून ठरायचं, आणि त्यावरून केस पिकलेली माणसं शाळकरी पोरांना लाजवतील अशी भांडायची.

थोरली म्हणजे दुकानाची मालकीण. मैदान तिने कापलेलं, टेकड्या तिने शिवलेल्या, अंतर मोजायची टेपसुद्धा तिच्याच गळ्यातली. तीस वर्षं ती टेबलाच्या मधोमध उंच स्टुलावर बसत आली होती. ती खेळायची नाही, निकाल द्यायची. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला धाकटा दीर आणि समोरच्या दुकानातला चष्मेवाला.

"वहिनी, हा मेला का?"

"मेला. उचला."

संपलं. वर अपील नाही.

शाळा तिने चौथीतच सोडली होती. वाचायची, पण नांगर धरल्यासारखी, एकेक ओळ उकरत. तरी लढाईच्या नियमांचं मूळचं लाल पुस्तक तिला तोंडपाठ होतं. लग्न नवं असताना ती इस्त्री फिरवायची आणि नवरा शेजारी उभा राहून ते मोठ्याने वाचायचा. दुसऱ्या बायकांचे नवरे त्या दिवसांत काय काय बोलत असतील कोण जाणे, हिच्या नवऱ्याने तोफेचा पल्ला सांगितला. तिने तोही जपून ठेवला.

मग दिराने उशिरा का होईना लग्न केलं आणि धाकटी जाऊ घरात आली. वाचनालयात नोकरीला. नाकावर चष्मा, चष्म्याला साखळी. तिच्या पायगुणाने म्हणा की तिच्या लाडाने, दीर दर महिन्याला नियमांचं नवं पुस्तक आणू लागला. एकात शिपाई दमतात, एकात घाबरून पळतात, एकात चिखल मोजतात. दोनेक वर्षांत भिंतीवरच्या फळीवर लाल धरून तेवीस पुस्तकं झाली, आणि ती वाचून सांगणारं माणूस घरात एकच.

"बघ गं, काय लिहिलंय?" दीर म्हणायचा. सुरुवातीला दीरच म्हणायचा. मग चष्मेवाला म्हणायला लागला. एके रविवारी थोरलीच्या नवऱ्यानेही मान तिकडे वळवली, आणि थोरलीच्या काळजात सुई मोडली.

धाकटी पानं उलटताना बोटाला थुंकी लावत नसे. आवाज चढवत नसे. "पान चौतीस, खालून तिसरी ओळ," असं साखर पेरल्यासारखं बोलायची आणि पुरुष नंदीबैलासारखे माना डोलवायचे. तिच्यासाठी टेबलाशी एक खुर्ची आली. खुर्चीवर उशी आली. उशी थोरलीनेच शिवलेली, निळ्या पाइपिंगची, आतल्या खोलीत स्वतःच्या पाठीसाठी ठेवलेली. कुणी नेली, कुणी विचारलं? काही नाही. थोरली स्टुलावर बसून त्या उशीकडे बघायची आणि गळ्यातली टेप बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

एका रविवारी कुठल्या पुस्तकाने खेळायचं हे ठरवण्यातच दीड तास गेला. चष्मेवाला भडकला.

"मी दुकान बंद करून येतो ते लढायला, की याद्या ऐकायला?"

थोरलीला हेच हवं होतं. "एक ना धड, भाराभर चिंध्या," ती म्हणाली. "चिंध्या मला कळतात. पोती भरून आहेत मागे."

"पुस्तकं जास्त नाहीत वहिनी, आपल्याला वेळ कमी आहे," दीर म्हणाला.

"भाऊजी, एका डोक्याला तेवीस टोप्या घातल्या तर डोकं दिसेल का?"

धाकटी हसली. गोडच हसली, तेच झोंबलं. "जाऊबाई, तुमच्याकडे कात्र्या किती?"

"सात."

"एक पुरत नाही?"

कापडाची वेगळी, कागदाची वेगळी, जाड गादीपाटाची वेगळी, हे थोरलीच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं, कारण ते बोललं की धाकटीचंच खरं ठरत होतं. चष्मेवाला फिदीफिदी हसला. थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने स्वतःचा चष्मा काढून पुसला.

शेवटी तोडगा निघाला. पुढच्या रविवारी लाल पुस्तकाने खेळायचं. अख्खी लढाई नियमावाचून कुठेही न अडता पार पडली तर कायमचं लाल, आणि बाकीची बावीस धाकटीच्या वाचनालयाला. अडली, तर धाकटीचं आवडतं निळं पुस्तक कायमचं. जिचं पुस्तक तिने निकाल द्यायचा. दोन बायका दोन बाजूंनी कशाला?

तो आठवडा थोरलीने चुण्या घालता घालता नियम घोकले. एका गिऱ्हाइकाने पडद्याची लांबी विचारली तर "पायी बारा इंच, घोड्यावर अठरा," म्हणाली. गिऱ्हाईक पुन्हा येतो म्हणून गेलं.

रविवार उजाडला. लढाई एका पुलासाठी होती. दोन तास थोरलीने एकदाही श्वास चुकवला नाही. पल्ला किती, फासा किती, टेकडीवरून एक जास्त, झाडीतून एक कमी. दीर विचारायच्या आत उत्तर हजर. धाकटी उशीला टेकून गप्प बसली होती आणि लाल पुस्तक मिटून मांडीवर होतं. थोरलीला वाटलं, जन्मात एवढं सुख नको, नजर लागेल.

मग दिराच्या तोफेने पुलावरची कंपनी उडवली. दिराने शिपाई उचलायला हात घातला.

"ढोलवाला राहू द्या," थोरली म्हणाली.

"का म्हणून?"

"ढोलवाल्याला मारायचं नाही. त्याच्या हातात हत्यार नसतं. तो उभा आहे तोवर पूल पडला असं धरत नाहीत."

पुस्तक कुठलंही असो, तीस वर्षं हे असंच चाललं होतं. पण आज दिराला पूल हवा होता, आणि बायकोचं पुस्तकही. "वहिनी, रोजचं वेगळं. आज कायमचं ठरायचंय. दाखवा कुठे लिहिलंय ते." आणि धाकटीला म्हणाला, "तू वाच."

धाकटीने चष्मा चढवला. पानं पुढे गेली. पानं मागे आली. दुसऱ्यांदा जाताना सावकाश गेली. चष्मेवाल्याने हातातले फासे खाली ठेवले. थोरलीचा नवरा एक कथलाचा घोडा सदऱ्याच्या टोकाने पुसत होता. तो घोडा सकाळपासून स्वच्छ होता.

धाकटीचं बोट एका पानावर टेकलं. "आहे. पान एकोणीस, शेवटची ओळ. ढोलवाल्यास मारू नये."

"बरं बाबा," दीर म्हणाला आणि हात मागे घेतला.

थोरली जिंकली होती. आता छाती फुगायला हवी होती. पण समोरून, उलट्या बाजूने, तिला धाकटीच्या बोटाखालचा तपकिरी त्रिकोण दिसला. इस्त्रीच्या टोकाचा डाग. तिचाच. नव्या संसारात एकदा नवऱ्याकडे बघता बघता इस्त्री पुस्तकावर टेकली होती. तो डाग तोफेच्या चित्राच्या पानावर होता. अख्खं पान तोफ. ओळ एकही नाही.

धाकटी खोटं बोलली होती. हिच्यासाठी.

ती "नाही" म्हणाली असती तर थोरलीने तिला खोटं पाडलं असतं, चार ऐकवल्या असत्या आणि जेवून झोपली असती. पण ही तर भीक झाली. माझ्याच उशीवर बसून, माझ्याच टेबलाशी, मला? थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीने हरवलं असतं त्यापेक्षा धाकटीने सांभाळलं, हे तिला जास्त लागलं.

ती स्टुलावरून उतरली. "पान दाखव."

"जाऊबाई, आहे म्हटलं ना."

"तिथं तोफ आहे. तोफ आणि माझ्या इस्त्रीचा डाग. ओळ कुठाय?"

धाकटीचे कान लाल झाले. "नाहीये," ती हळूच म्हणाली. "दोनदा पाहिलं. कुठेच नाहीये."

थोरली नवऱ्याकडे वळली. "अहो."

घोडा पुसणं थांबलं. "ते... मी घातलं होतं."

"काय घातलं होतं?"

"ओळ. वाचताना. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालीस, बिनहत्यारी माणसाला मारणार असाल तर माझं टेबल मिळायचं नाही. मला टेबल हवं होतं."

"आणि मी तीस वर्षं छातीठोक सांगत बसले!"

"तू इतकं छान सांगायचीस," नवरा म्हणाला, "की मलाही मग ते छापलेलंच वाटायला लागलं."

चष्मेवाल्याने कपाळाला हात लावला. "आणखी किती ओळी घातल्यात, तेवढं सांगून टाका."

नवऱ्याने बोटं मोजली. "ओल्या कापडावरून तोफ ओढायची नाही. कापड खराब होतं ना. आणि चहा येईल तेव्हा गोळीबार बंद."

"चहाचा नियमपण पुस्तकात नाही?" दीर कळवळून म्हणाला. दिराला इतकं दुःख तोफा गमावूनही कधी झालं नव्हतं.

पण ठरलं ते ठरलं. लढाई अडली होती, लाल पुस्तक हरलं होतं. थोरलीने स्वतःच्या तोंडाने हरवलं होतं. दिराने निळं पुस्तक फळीवरून काढून धाकटीपुढे ठेवलं. "बघ, यात ढोलवाल्याचं काय?"

"यात तो आधी मरतो," धाकटी म्हणाली.

"मग दुसरं एखादं बघ, ज्यात मरत नाही," चष्मेवाला म्हणाला.

धाकटीने फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "तेवीसही वाचलीत मी. सगळ्यांत मरतो."

सगळे पुलाकडे बघायला लागले. पुलावर तो एकटा उभा होता. तीस वर्षांत एकदाही न उचललेला, म्हणून अंगावरचा रंग अजून शाबूत. बाकीच्या शिपायांचे नाक-डोळे बोटांनी पुसून गेले होते. त्याच्या मिशासुद्धा जागेवर होत्या.

"मला नाही जमायचं," चष्मेवाला म्हणाला. "त्याला उचलायला माझा हात होणार नाही."

"आणि चहाच्या वेळी गोळ्या खाऊ का आपण?" दीर म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं. "म्हणजे चोविसावं पुस्तक लिहायचं? पुस्तकं फार झाली म्हणून ना आपण बसलो होतो?"

"चोविसावं कशाने?" थोरली म्हणाली. "पहिलं. ही तेवीस मागून आलीत." आणि धाकटीकडे न बघता म्हणाली, "लिहायला घे."

धाकटीने पर्समधून वही काढली. तीही कशी? कडा न मुडपलेली, रेघा सरळ, पेन पहिल्याच झटक्याला चालणारं. थोरली पुन्हा स्टुलावर चढून बसली.

"नियम पहिला. निकाल देणारी स्टुलावर बसेल. स्टूल एकच राहील."

पेन चाललं. मग थांबलं. "आणि लिहिणारी?"

"खुर्चीत बसेल. उशी परत करून."

धाकटीने उशी पाठीमागून काढली आणि टेबलावरून, पुलाला वळसा घालून, पुढे सरकवली. ढोलवाल्याला धक्का लागला नाही. थोरलीने ते पाहिलं. उशी कोमट होती. तिने ती पाठीशी घेतली नाही, मांडीवर ठेवली.

दुसरा नियम ढोलवाल्याचा, तिसरा ओल्या कापडाचा, चौथा चहाचा, आणि असेच पुढचे. तासाभराने धाकटी म्हणाली, "वाचून दाखवू?"

"नको," थोरली म्हणाली आणि नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला. "वाचून दाखवलेलं पुरे झालं मला."

तिने वही ओढून घेतली, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत, ओठ हलवत, स्वतः वाचायला लागली. पुरुषांचा चहा निवला तरी तिचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं. शेवटी ती शेवटच्या ओळीला पोचली. नियम सात सांगितले होते, सातच निघाले. एक ओळ वाढलेली नाही, एक कमी नाही. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

अक्षर मात्र मेलीचं मोत्यासारखं होतं.