न खणलेला अर्धा वाफा

"अंकलजी, तुम्ही आळशी आहात का?"

हा प्रश्न माझा नाही, शपथ! माझ्या वर्गातल्या सावनी आणि संकल्पने शाळेच्या सहलीत, जयपूरजवळच्या चाकसूला जाताना बसमध्ये मला चॅलेंज दिलं होतं: हिंमत असेल तर सुखदेवजींना विचारून दाखव. कारण विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या होत्या, की या शेतकऱ्याने आठ वर्षांत शेत एकदाही नांगरलेलं नाही. आणि गेल्या वर्षीपर्यंत वर्गात 'प्रेझेंट मॅम'सुद्धा कुजबुजणारी मी, कीर्ती, दहावी ब, सगळ्यांसमोर विचारून मोकळी झाले.

मॅडम पांढऱ्याफटक. सुखदेवजी मात्र मिशीतल्या मिशीत हसले. "शेजारीही हेच विचारतात, बिटिया. फक्त माझ्या पाठीमागे विचारतात."

मग त्यांनी शेत दाखवलं. बाजरीची धसकटं तशीच उभी, मध्ये वाळका कडबा पसरलेला आणि त्यातूनच गव्हाचे हिरवे कोंब! त्यांचं पेरणीयंत्र नुसती बारीक चीर पाडतं आणि बी आत टाकतं, बाकी माती जागची हलत नाही. कडबा बाजूला सारला तर खाली ओल, आणि चक्क दोन गांडुळं. बांधापलीकडे नांगरलेलं रान होतं. झुळूक आली की तिथून धूळ उठायची, इथून नाही.

"उघडी माती उडते, वाहून जाते," ते म्हणाले. "झाकली की पाणी कमी लागतं, डिझेलही कमी. तण मात्र हातानं काढावं लागतं. आणि पहिल्या वर्षी गहू इतका कमी आला, की घरवालीने माझ्याशी बोलणंच सोडलं. तिसऱ्या वर्षी पीक भरून आलं, तेव्हा बोलली."

माझ्या डोक्यात त्यातलं एकच चिकटलं: धूळ.

कारण आमच्या तिलक नगरच्या घरात धूळ म्हणजे आईची सख्खी वैरीण. बाबा विमा कंपनीत अधिकारी, बदलीवर जयपूरला आलेले. मूळचे सांगलीकडचे, त्यामुळे मागच्या अंगणातला वाफा खणल्याशिवाय त्यांचा रविवार साजरा होत नाही. ती माती उडून थेट आईच्या ओट्यावर. शेवटी आईने घरमालक बळवंतजींना सांगून टाकलं होतं, की संक्रांतीनंतर सगळ्या अंगणात फरशी बसवा. मतलब, जयपूरमधली आमची एवढीशी माती, तीही गायब!

"आई, अर्धा वाफा मला दे," मी घरी आल्या आल्या म्हटलं. "धूळ कमी झाली तर फरशी नको. मंजूर?"

"आणि नाही झाली तर?"

"तर ती फरशी मी पुसेन. रोज."

आई लगेच हो म्हणाली. बाबा मात्र दुखावले. "न खणता मेथी? मग रविवारी मी काय करू?"

"पेपर वाचा."

मी काठीने रेघा ओढल्या, मेथी टाकली आणि ओळींच्या मध्ये कडुनिंबाचा वाळका पाला आणि सुखदेवजींनी निघताना दिलेला गोणीभर कडबा पसरला. खरं सांगते, माझी मेथी विरळ आली. बाबांची गुबगुबीत. ती ते मुद्दाम माझ्यासमोर निवडत बसायचे. पण त्यांनी मेथी मुळासकट उपटली आणि जागा पुन्हा खणून ठेवली. मी कात्रीने कापली, मुळं मातीतच राहू दिली.

मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. आईचं हळदीकुंकू म्हणजे आसपासच्या सगळ्या मराठी बायकांचं संमेलन, आणि ऊन हवं म्हणून तेही अंगणातच. मी शाळेतून आले आणि बघते तर काय, माझा वाफा लख्ख!

"आई! माझा पाला?"

"झाडला. चार बायका येणार, त्यांनी काय कचऱ्यात बसायचं? गोण्यांत भरून कचरागाडीत दिला, आत्ताच गेली बघ."

मी गणवेशातच धावले. राजा पार्कच्या वळणावर गाडी गाठली. "भैया, रुको! मेरा कचरा वापस दो!"

गाडीवाले भैया बघतच राहिले. "दीदी, लोग कचरा देने आते हैं, आप लेने आई हो?"

दोन गोण्या घेऊन परतले, तर बायका सतरंजीवर बसलेल्या. आई डोळ्यांनीच 'आत जा' म्हणत होती. आधीची मी गेलेही असते. मी गोणी उलटी केली.

"अगं, झाडलेल्या जागेवर कचरा?" शेजारच्या रमाकाकू म्हणाल्या.

"कचरा नाही काकू, मातीचं पांघरूण."

दुसरी गोणी पसरून होते न होते तोच वारा सुटला. बाबांच्या बाजूने धुळीचा असा लोट उठला, की तिळगुळाचं ताट, काठापदराच्या साड्या, कुंकवाचा करंडा, सगळं एका रंगाचं! माझ्या बाजूला दोन-चार पानं हलली, बस्स. रमाकाकू शिंकत उठल्या आणि माझ्या पाल्याशेजारी येऊन बसल्या. मग सतरंजीच इकडे सरकली. आई ताटावर पदर धरून एकदा या अर्ध्याकडे, एकदा त्या अर्ध्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी बाबा आले, चहा झाला. मी घसा खाकरला.

"एक निर्णय झालाय. बळवंतजींना मी फोन करून सांगितलं, फरशी नको. ते म्हणाले, मम्मीला विचारलं का? मी म्हटलं, सांगते. तर सांगतेय. पूर्ण वाफा आता माझा. बाबा, उद्या तुमच्या अर्ध्यावरही पाला पडणार. पीक कमी आलं तर तीन वर्षं थांबा, मग बोला. आणि आई, खराटा वाफ्याच्या कडेपर्यंतच."